बारापैकी सात शब्द

लव्हेल प्रूइटची स्मरणशक्ती कशी होती ते तलावाकाठच्या टोरी ग्लेड गावात कुणालाही विचारा. चर्चमध्ये ईस्टरच्या रविवारी पोरांनी पाठ केलेली भाषणं म्हणायची रीत इथे आजही आहे. कुणाला दोन ओळी, कुणाला चार. निम्मी पोरं स्टेजवर गेली की तोंडात बोट घालतात, उरलेली रडतात आणि सगळं चर्च 'आमेन, आमेन' करत त्यांना खाली उतरवतं. लव्हेलने सातव्या वर्षी अठ्ठावीस ओळी म्हटल्या होत्या. कोटाचं बटण लावलेलं, हात मांड्यांना चिकटलेले, शेवटी मान लववून 'थँक्यू'. एकाही ठिकाणी अडला नाही. म्हाताऱ्या बायकांनी टोप्या सावरत डोळे पुसले.

ते पाठ करून घेतलं होतं त्याच्या आईने. ओलेथा प्रूइट शाळेच्या मुदपाकखान्यात काम करायची आणि ईस्टरच्या आधी दोन महिने गावातली पोरं तिच्या ताब्यात असायची. तिची पद्धत सोपी होती आणि निर्दय होती. एक ओळ दहा वेळा, मग दोन ओळी दहा वेळा, मग तीन. पोराला कधी भांडी पुसायला लावून विचारायची, तर कधी बुटाची नाडी बांधताना मध्येच विचारायची. "तोंडात नुसतं असून काय उपयोग? हाडात गेलं पाहिजे," म्हणायची. तीस वर्षांत तिची पोरं सहसा अडली नाहीत आणि या गोष्टीचा तिला गर्व होता. गर्व करण्यासारखं दुसरं तिच्याकडे फारसं नव्हतं.

पण गावाला लव्हेलचं डोकं नको होतं, गावाला त्याचे पाय हवे होते. ऊस तोडायच्या आधी फड पेटवतात, पाचट जळून जावं म्हणून. धूर उठला की सगळी पोरं फडाच्या कडेला जाऊन उभी राहायची, कारण आगीपुढे ससे बाहेर पडतात. नुसत्या हाताने ससा धरायचा, घरी नेऊन सोलायचा, ग्रेव्हीत शिजवायचा. लव्हेल दिवसाला नऊ-दहा ससे धरायचा. कसं जमतं विचारलं तर म्हणायचा, "तोंडाकडं नाय बघायचं. तोंड फसवतं. ढुंगण बघायचं, ते जिकडं वळंल तिकडं ससा."

पुढे हीच त्याची विद्या झाली. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात तो कॉर्नरबॅक झाला, शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेला, बाविसाव्या वर्षी उत्तरेतल्या एका गारठलेल्या शहराच्या व्यावसायिक संघाने त्याला उचललं. कॉर्नरबॅक म्हणजे मैदानाच्या कडेला एकटा उभा केलेला राखणदार. समोरचा गडी पुढे पळतो, हा उलटा पळतो. कुठे जायचंय ते समोरच्याला ठाऊक असतं, याला नसतं. पन्नास वेळा त्याला अडवलं तर कुणाचं लक्ष जात नाही. एकदा तो हातून सुटला की सत्तर हजार माणसं उभी राहून याच्याकडे बोट दाखवतात. म्हणून या धंद्यात पहिला धडा विसरण्याचा असतो. मागचा डाव विसर, नाहीतर पुढच्यात मरशील, असं प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. असले धडे देणाऱ्यांची जीभ झडत कशी नाही, असं ओलेथाला पुढे फार वाटायचं.

दुसरा धडा त्याला डेंझिल टॉलिव्हरने दिला. डेंझिल त्याच संघातला जुना कॉर्नरबॅक, जॉर्जियाचा, लव्हेलहून सहा वर्षांनी मोठा. मोसम सुरू व्हायच्या आधी सगळ्या खेळाडूंची डोक्याची चाचणी व्हायची. संगणकावर बारा शब्द दाखवायचे, मग आकृत्या, रंग, आकडे, आणि वीस मिनिटांनी ते बारा शब्द पुन्हा विचारायचे. पुढे कधी डोक्याला मार लागला की तीच चाचणी पुन्हा घ्यायची. गुण पहिल्यापेक्षा बरेच उतरले तर खेळाडू बाहेर.

"आणि बाहेर बसलास की संपलास," डेंझिल न्याहारीच्या टेबलावर म्हणाला. "तुझ्या जागी उभा राहायला चार जण टपलेत. तेव्हा पहिल्याच दिवशी ढ बन."

"म्हणजे सगळं चुकवू?"

"अरे गाढवा, सगळं चुकवलंस तर यंत्राला कळतं. थोडा ढ. बारातले सात सांग. पाच गिळ. पुढं टाळकं फुटलं तरी सात तर आठवतीलच की नाय?"

"मला बाराच्या बारा येतात, डेंझ."

"मग पाच जास्तच येतात," डेंझिल म्हणाला आणि त्याच्या ताटातलं बेकन उचलून खाऊ लागला.

लव्हेलने सात सांगितले. संघात बहुतेक सगळे तेच करत होते. पोरं हसत बाहेर यायची, कोण किती ढ ठरला याच्या पैजा लागायच्या. आठ मोसम लव्हेल दरवर्षी बारापैकी सात सांगत राहिला. या आठ वर्षांत त्याने अकरा वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातचा चेंडू पळवला, दोनदा वर्तमानपत्रात पानभर फोटो आला आणि एकदा शेवटच्या मिनिटाला गडी सुटला म्हणून त्याच्या गाडीवर कुणीतरी अंडी फोडली. डोक्याला मार लागला तो कागदावर तीन वेळा. कागदाबाहेर किती वेळा, त्याची मोजदाद कोण ठेवतो? एकदा तर तो दुसऱ्याच संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला होता. चाचणी घेतली, सहा आठवले. डॉक्टर म्हणाले, "नेहमीसारखाच आहे की," आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा कडेला उभा होता.

तिसाव्या वर्षी पाय अर्ध्या पावलाने मंदावले. गरज सरो, वैद्य मरो. एका मंगळवारी सकाळी कुणीतरी दाराशी येऊन त्याच्याकडून डावांची वही परत मागून घेतली आणि खेळ संपला. बायको रेनेल दोन वर्षं राहिली, मग तीही गेली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. एकच प्रश्न दिवसातून पाच वेळा विचारणाऱ्या, आणि उत्तर दिलं की चिडणाऱ्या माणसाबरोबर तिने दोन वर्षं काढली होती.

लव्हेल टोरी ग्लेडला आईच्या घरी आला. शाळेने कौतुकाने त्याला पोरांचा प्रशिक्षक केलं. सुरुवातीला गावाला बरं वाटलं. तो सगळ्या पोरांना 'चॅम्प' म्हणायचा, पोरं खूश व्हायची. एकाचंही नाव त्याच्या लक्षात राहत नाही हे कळायला मोसम उलटला. मग एकदा बाहेरगावच्या सामन्याला तो बस घेऊन निघाला आणि तलावाला वळसा घालत तीन तास फिरत राहिला. शाळेने त्याला जेवण दिलं, सत्काराची ढाल दिली आणि घरी पाठवलं.

त्यानंतर तो फडांवर जायला लागला. हंगामात कुठे धूर दिसला की हा चाळिशी ओलांडलेला बाप्या कडेला जाऊन, गुडघे वाकवून, हात पसरून उभा. पोरं आधी हसायची, मग त्यांनाही हसू येईना. एके दिवशी फड पेटवणाऱ्या टोळीचा मुकादम त्याला ट्रकमधून घरी घेऊन आला. लव्हेलच्या भुवया जळल्या होत्या.

"मिस ओलेथा," मुकादम टोपी हातात घेऊन म्हणाला, "वारा फिरला तरी हा हलेना. मी दंडाला धरून ओढला. दर वेळी मी असेनच असं नाय."

"ससा आत होता," लव्हेल म्हणाला.

ओलेथाने त्याच्या भुवयांना व्हॅसलीन लावलं. ती चौऱ्याहत्तरची झाली होती, गुडघे सुजायचे, जिना चढताना छातीत कळ यायची. पोटच्या पोराच्या आधी आपण मरू ही गोष्ट कुठल्याही आईला बरी वाटते. ओलेथाला त्याच गोष्टीची धडकी भरली. आपल्यामागे याला धूर दिसला तर धरायला कोण आहे?

माजी खेळाडूंसाठी लीगची, म्हणजे सगळ्या व्यावसायिक संघांच्या संघटनेची, एक समिती होती. खेळामुळे मेंदू गेला असं तिने मान्य केलं तर जन्मभर उपचार मिळायचे आणि घरी सांभाळायला चोवीस तास माणूस मिळायचा. ओलेथाने वेस्ट पाम बीचहून एक वकील गाठली, हॉलिसबाई म्हणून. बाई सरळ होती. तिने नव्याने चाचण्या करवल्या. बारापैकी चार.

"चार म्हणजे पुरे की," ओलेथा म्हणाली.

"चार पुरे होते," हॉलिसबाई म्हणाली, "पण जुने कागद आलेत. बाविसाव्या वर्षी सात. मग सात, सहा, सात, सात. समिती म्हणते, थोडा उतरलाय, वयाने कुणीही उतरतं. मुळातच याची…"

"मुळातच काय? बोला की."

"मुळातच बुद्धी बेताची होती, असं लिहिलंय."

ओलेथा उठून उभी राहिली. "बेताची? या पोरानं सातव्या वर्षी अठ्ठावीस ओळी म्हटल्यात! अख्ख्या माउंट निबो चर्चला विचारा!"

"चर्चमधली दाद तिथे पुरावा म्हणून चालत नाही, मिसेस प्रूइट."

घरी आल्यावर तिने लव्हेलला समोर बसवलं. त्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण जुनं अजून शाबूत होतं. "बाराचे सात का सांगायचास रे?" तिने विचारलं.

तो खुदकन हसला. "डेंझ म्हणायचा, पाच गिळ."

मग त्याने सगळं सांगितलं. पैजांसकट, बेकनसकट. ओलेथाचा हात उठला होता, तो तिने टेबलावर आपटला. "मी हाडात घातलं, आणि तू त्या लोकांसमोर ते लपवलंस? ढ म्हणून घेतलंस स्वतःला? आपल्यासारख्या काळ्यांना ढ म्हणायला ते आधीच टपलेले असतात, लेका! त्यांना तू सही करून दिलीस!"

लव्हेल तिच्या हाताकडे बघत राहिला. "लागलं का गं?" त्याने विचारलं.

तिने डेंझिलला फोन लावला. डेंझिल आता एका संघाच्या खेळाडू विभागात मोठ्या हुद्द्यावर होता. आवाज गोड होता.

"मिस ओलेथा! कशा आहात? आमचा वाघ कसा आहे?"

"वाघाच्या भुवया जळाल्यात. तू त्याला शिकवलंस ते एका कागदावर लिहून दे. एवढंच मागते."

"तुम्ही माझ्या आईसारख्या," डेंझिल म्हणाला, "पण मी आता लीगचं मीठ खातो. मी फसवायला शिकवायचो असं लिहून दिलं तर उद्या मी रस्त्यावर."

"त्याचं बेकन खाल्लंस ते पचलं ना?"

"काय?"

"काही नाही. देव तुझी स्मरणशक्ती चांगली ठेवो, डेंझिल. सगळं आठवत राहो तुला." तिने फोन ठेवला.

उरला एकच मार्ग. समितीपुढे लव्हेलने स्वतः कबूल करायचं. "दोन वाक्यं पुरेत," हॉलिसबाईने बजावलं, "त्याच्या त्याच्या शब्दांत. अडखळला तर अडखळू दे. रडला तर रडू दे."

ओलेथाने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. परक्या माणसांपुढे तिचं पोर उभं राहणार आणि तोंडात बोट घालणार? मध्येच सशाचं काहीतरी बोलणार आणि ते एकमेकांकडे बघणार? बेताची बुद्धी म्हणून लिहिलंच आहे, वर तमाशा कशाला? वकीलबाईला कायदा कळत असेल, पोरं कशी उभी करायची ते ओलेथाला कळत होतं.

तिने स्वतः एक पान लिहिलं. अक्षर ठसठशीत, शाळेच्या खानसामिणीचं. कुठल्या साली कुठली चाचणी, किती शब्द येत होते, किती सांगितले, का सांगितले, कुठल्या महिन्यात डोकं आपटलं. आणि जानेवारीपासून ती कामाला लागली. एक ओळ दहा वेळा. दोन ओळी दहा वेळा. पहिले तीन आठवडे काहीच बसेना. सकाळी बसलेलं दुपारी पुसून जायचं. एकदा त्याने ताट भिंतीवर फेकलं, एकदा ती स्वतः न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. पण तिच्या पद्धतीने शिकलेल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या पोरांनाही आपापल्या ओळी अजून येतात. भांडी घासताना ओलेथा ओळ टाकायची, लव्हेल ताट पुसता पुसता पुढची म्हणायचा. फेब्रुवारीत अर्धं पान झालं. एके दिवशी धूर दिसला आणि तो दाराकडे निघाला, तेव्हा तिने मागून ओळ टाकली आणि तो उंबऱ्यातच थांबून पुढचं म्हणू लागला. त्या दिवशी ओलेथाला वाटलं, पोर परत येतंय. खरंच वाटलं तिला तसं. आशेइतकी लबाड वस्तू दुसरी नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समिती बसली. लांब टेबल, पाण्याचे पेले, तीन माणसं. मधले डॉक्टर मऊ आवाजाचे होते. "मिस्टर प्रूइट, तुम्हाला काही सांगायचंय असं समजलं."

लव्हेल उठला. कोटाचं बटण लावलं. हात मांड्यांना चिकटवले. ओलेथापुढे तीस वर्षांचे सगळे ईस्टर एकदम उभे राहिले. आणि तो बोलू लागला.

तो एकदाही अडला नाही. सालं बरोबर, महिने बरोबर, आकडे बरोबर. जिथे दम घ्यायचा तिथे दम, जिथे आवाज चढवायचा तिथे चढवला. ओलेथाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. "मला बाराही शब्द येत होते, मी सात सांगितले," या ओळीवर तो तिने शिकवल्याप्रमाणे थांबला, तिघांच्या डोळ्यांत बघितलं आणि पुढे गेला. पान संपलं. त्याने मान लववली. "थँक्यू."

आमेन कुणी म्हटलं नाही. ओलेथाने अभिमानाने हॉलिसबाईकडे पाहिलं. बाईने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता.

"फारच छान, मिस्टर प्रूइट," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

"सर, हे दोन महिने घोटून घेतलेलं…" हॉलिसबाई उभी राहिली.

"कळलं, मॅडम. आम्ही जे ऐकलं ते ऐकलं."

तेव्हा कुठे ओलेथाला कळलं. एकदम कळलं, आणि तिला वाटलं की आपण आत्ताच्या आत्ता या टेबलावर चढून ओरडावं की हे त्याचं नाही, माझं आहे, त्याला विचारा तो कुठे बसलाय, विचारा आज वार कुठला. तिने तोंड उघडलंही. पण मधल्या डॉक्टरांनी फाईल मिटली होती आणि पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

पत्र मार्च संपता संपता आलं, ईस्टरच्या आदल्या दिवशी. ओलेथाने ते ओसरीवर उभ्या उभ्या वाचलं. अर्जदाराने पानभर मजकूर तारखा-आकड्यांसह तोंडपाठ सांगितला, एकही चूक केली नाही, सबब स्मरणशक्तीचा ऱ्हास सिद्ध होत नाही. शिवाय चाचणीत मुद्दाम कमी शब्द सांगितल्याचं अर्जदाराने स्वतः कबूल केलं आहे, सबब आता त्याला चारच शब्द आठवतात हा निकालही विश्वासार्ह मानता येत नाही. अर्ज नामंजूर.

ती वाचत राहिली. पोर हुशार होतं तेव्हा त्याने स्वतःला ढ दाखवलं. पोराचं डोकं गेलं तेव्हा तिने त्याला हुशार करून दाखवलं. डेंझिलला तिने शाप दिला होता, समितीला दिला होता. आता तिला वाटलं, एक शाप आपल्यासाठीही हवा, आणि तो सापडेना.

तलावापलीकडे हंगामातले शेवटचे फड पेटले होते. काळी राख हवेतून येऊन कागदावर बसत होती. आतून लव्हेल बाहेर आला. कपाटातला तो कोट त्याने शोधून काढला होता, बटण लावलं होतं. त्याने धुराकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ तिच्याजवळ येऊन उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून.

"आई, निघायचं ना? माझी पाळी कधी आहे?"

"झाली, बाळा."

"झाली?" तो घाबरला. "मग चुकलो का गं मी कुठं?"

"नाही रे," ओलेथा म्हणाली. "एक शब्दसुद्धा चुकला नाहीस." आणि ती त्याच्या कोटाचं बटण सोडू लागली.